त्रेचाळीस छात्या आणि एक निळा कोट

मास्तरांच्या मुलीने तिसऱ्या वर्षी टाचणी गिळली, ती आजतागायत बाहेर आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, पचली असेल. शेजारपाजार म्हणे, पचते कसली, जिभेवर येऊन बसलीय. तेव्हापासून पोरीला सगळे टाचणीच म्हणू लागले.

मास्तर म्हणजे तिचे बाबा, शिंपी. समोरच्या मोठ्या इस्पितळातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांचे पांढरे कोट त्यांच्याच हातचे. एका सर्जनला म्हणे मास्तरांचा कोट अंगात नसेल तर रोग्याचं पोटच सापडत नसे. मास्तर हे ऐकून मिशीत हसत. खोटं आहे असं काही त्यांनी कधी सांगितलं नाही.

टाचणीलाही तोच पांढरा कोट घालायचा होता. रस्ता लांबलचक: आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग मेडिकलची पाच वर्षं. पदवीसाठी तिला दोन पत्रं आली. एक मोठ्या कॉलेजचं. कागद पुठ्ठ्यासारखा, त्यावर सोनेरी शिक्का. जागा दिली आहे, फी पूर्ण भरावी. दुसरं पुलापलीकडच्या लहान कॉलेजचं. कागद इतका पातळ की आरपार बोटं दिसावीत, पण त्यावर लिहिलेलं होतं, चारही वर्षं पूर्ण शिष्यवृत्ती. दोघांनाही उत्तर शनिवारपर्यंत हवं होतं.

घरात मात्र उत्तर केव्हाच ठरून गेलं होतं. पुठ्ठ्याचं पत्र आलं त्याच दुपारी मास्तर मोठ्या कॉलेजचा निळा कोट शिवायला बसले. खिशावर सोनेरी दोऱ्याने त्या कॉलेजचं चिन्ह असलेला सिंह भरला आणि कोट दुकानाच्या काचेत टांगला. उरलेलं काम आत्याने केलं. आत्याच्या कानात बातमी पडली की पोस्टखात्याने खुशाल सुट्टी घ्यावी.

"त्या लहान कॉलेजात गेलीस तर मेडिकलवाले दारात उभं करणार नाहीत," आत्या म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? माहीत असतं!"

'माहीत असतं' हे दोन शब्द ऐकले की टाचणीच्या अंगाचा तिळपापड होई. आणि नेमकं त्याच महिन्यात इस्पितळाने सगळ्या डॉक्टरांना नवे कोट शिवायचे ठरवले. कापायचं काम मास्तरांचं, मापं घ्यायची टाचणीने. मास्तरांचा एक जुना सिद्धांत होता: छातीला टेप आणि हात वर, अशा वेळी माणूस खोटं बोलूच शकत नाही, कारण खोटं बोलायला हात हलवावे लागतात. टाचणीने मापाच्या वहीत छाती, खांदा, बाही यांच्या पुढे गुपचूप एक रकाना वाढवला.

"हात वर करा, डॉक्टर. छाती बेचाळीस. पदवी कुठून घेतलीत?"

गुरुवारी शेवटचा डॉक्टर मापून झाला. शुक्रवारी सकाळी तिने वही कापायच्या टेबलावर उघडली. आत्या चहाचा कप घेऊन स्टुलावर बसलेलीच होती.

"बाबा, त्रेचाळीस डॉक्टर. त्यातले मोठ्या कॉलेजचे सहा."

"बरं मग?"

"हाडांचे डॉक्टर ज्या कॉलेजात शिकले, त्याच्या खाली सायकलचं दुकान होतं. प्राध्यापक बोलायला लागले की खालून घंटी वाजायची. मुलांच्या डॉक्टरबाईंच्या कॉलेजात अख्ख्या वर्गाला मिळून एकच बेडूक. परीक्षेच्या दिवशी तोही पळाला. तरी झाल्याच ना त्या डॉक्टर?"

"बेडकाचं सांगू नकोस मला."

"मग मधुमेहाच्या डॉक्टरांचं सांगते. ते मेडिकलच्या प्रवेशसमितीवर बसतात. मी विचारलं, अर्जात काय बघता? म्हणाले, मार्क, परीक्षा, आणि पोराला रोग्याशी दोन शब्द बोलता येतात का. म्हटलं, आणि कॉलेजचं नाव? म्हणाले, बघतो की, पण नाव काही पेपर सोडवत नाही."

"अगं, सहा आहेत ना पण!" मास्तर म्हणाले.

"आहेत. पण त्यांची छाती इतरांपेक्षा पाव इंचही जास्त भरली नाही. तुमच्याच टेपने मोजलीय."

आत्याच्या नाकातून चहा आला.

"आणि बाबा, सगळं कापड पाठीलाच लावलं तर बाह्या कशाच्या काढायच्या? पुढे मेडिकलच्या पाच वर्षांची फीही भरायचीय."

मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. तीस वर्षांत जिला कधी खरचटलं नव्हतं, ती कात्री. "माझी मुलगी त्या पुलापलीकडच्या खुराड्यात जाणार नाही. विषय संपला!"

दुसरी एखादी असती तर रडली असती. टाचणीने टेप उचलली.

"हात वर करा."

"काय?"

"माप घ्यायचंय."

मास्तरांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. पण ते तीन शब्द त्यांनी आयुष्यभर इतक्या वेळा उच्चारले होते की हात आपोआप वर गेले.

"छाती अडतीस. आता सांगा, मोठंच कॉलेज का?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "एकोणीस वर्षांचा होतो. त्यांच्या पदवीदानाचे दोनशे झगे शिवून डोक्यावरून घेऊन गेलो. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, तू मागनं, स्वयंपाकघराच्या दारानं. आत सगळे माझे झगे घालून मिरवत होते, आणि मी खरकट्या भांड्यांपाशी उभा." त्यांचे हात अजून वरच होते. "वाटलं, माझी पोर पुढच्या फाटकातून आत जाईल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती टाचणी टाचणीच्या घशात टोचली. त्या क्षणी ती हो म्हणायलाही तयार झाली होती. मग तिची नजर काचेतल्या सिंहाकडे गेली.

"म्हणजे माझं कॉलेज त्या पहारेकऱ्याने ठरवायचं? तो केव्हाच पेन्शनीत गेला असेल, बाबा. तुम्हीच अजून गठ्ठा घेऊन त्याच्या फाटकात उभे आहात. मी नाही उभी राहायची. मला डॉक्टर व्हायचंय, फाटकावर सूड नाही उगवायचा."

तिने कोट काढला, बारीक कात्री घेतली आणि तिथेच काचेत, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी बसून सिंह उसवायला लागली. पाववाला थांबला, पोस्टमन थांबला. लोक आजही सांगतात की शेपटीचा टाका तुटला तेव्हा सिंहाने डरकाळी फोडली. ती आत्या होती.

"आता लोकांना मी काय सांगू गं?"

"सांग, आमची टाचणी फुकट शिकणार आहे. आणि मोठ्याने सांग, तुला जमतं ते."

शेवटी खिशावर नुसती भोकं उरली, सिंहाच्या आकाराची. मास्तर जवळ आले. त्यांनी खिशावरून अंगठा फिरवला.

"त्या खुराड्याचं चिन्ह काय आहे?"

"चिन्हच नाही त्यांना. पत्रावर नुसता पत्ता आहे."

"मग ही भोकं दिसणार."

"दिसू देत."

मास्तरांनी कोट उलटा केला. आतल्या शिवणीत चार बोटं जादा कापडाची माया सोडलेली होती. एवढी ते कुणाच्याच कोटात सोडत नसत. "सैल करत गेलीस तर नऊ वर्षं पुरेल," ते कोटालाच म्हणाले. मग सवयीने खुणेचा खडू उचलून दुसरा हात पुढे केला. "आण तो पातळ कागद. पालकाची सही लागेल ना? पण सांगून ठेवतो, मला पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ," टाचणी म्हणाली. "खडू ठेवा आधी खाली. पेनने करा."