धुळाची चौथी खेप

दिघंचीच्या पुढं, सांगली जिल्हा संपून साताऱ्याची हद्द लागते तिथं, नाथाजी सुभेदारांचा पंप आहे. पलटणीतून घरी आल्यावर त्यांनी तो घेतला, वर स्वतःचा टँकरही घेतला, म्हणजे डिझेलसाठी कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. बारा वर्षं त्यांच्या पंपावरून गाडी रिकामी परत गेली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात मात्र ती वेळ आली.

मिरजेकडच्या डेपोत डिझेल होतं. पंपाचा टँकर दारात उभा होता, टायरसुद्धा नवे. चालवायला माणूस नव्हता. मागचा ड्रायव्हर आखातात गेला. त्याच्या जागी आलेला दोन महिन्यांत चाकणच्या गोदामात चिकटला. भाड्यानं टँकर पाठवणाऱ्याकडं अकरा गाड्या आणि पाच ड्रायव्हर, त्यामुळं तो रोज उद्याचा वायदा करायचा. सुभेदारांनी आटपाडीपासून म्हसवडपर्यंत विचारून पाहिलं. गाडीवरच्या पोराला पोरगी कोण देत नाही, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला की चूक कुणाची का असेना, मार टँकरवाल्याला पडतो. आणि ज्वालाग्राही माल न्यायचं वेगळं लायसन लागतं, ते तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांकडं. सुभेदार स्वतः पायदळातले. जीपपलीकडं त्यांना काही चालवता येत नव्हतं.

राहता राहिला धुळा.

धुळा मैलभरावरच्या धनगरवस्तीतला. बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठापर्यंत हिंडायचा. धुळा घराण्यातला पहिला, ज्यानं काठी सोडून स्टेअरिंग धरलं. चोवीस वर्षं त्यानं टँकर चालवला, त्यातली शेवटची नऊ सुभेदारांकडं. मग डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, ऑपरेशन बिघडलं आणि त्या बाजूला नुसता धुरळा दिसायला लागला. सांगलीला ऑपरेशनला त्याला नेलं होतं ते सुभेदारांनीच. लायसनची मुदत अजून संपली नव्हती, पण दोन वर्षांमागं गाडी त्यानं आपण होऊन सोडली. मुलगा पप्पू पुण्यात दुचाकीवरून घरोघर पार्सलं पोचवायचा. टँकरचं नाव काढलं की तो हात जोडायचा.

सुभेदार वस्तीवर गेले. हरणाबाईनं, धुळाच्या बायकोनं, चहा दिला. सुभेदारांनी एकाच खेपेचं विचारलं. उत्तर हरणाबाईनं दिलं.

"डावा डोळा गेलाय त्यांचा. तुमाला ठावं हाय, सुभेदार."

सुभेदार चहा संपवून उठले.

पण पंप कोरडा पडला तसं पाणीही थांबलं. कॅनॉलचं पाणी शेजारच्या शिवारापर्यंत आलं होतं, वस्तीच्या चढावर चढलं नव्हतं. तिथं जोतीराम टँकरनं पाणी आणायचा. त्याच्या गाडीला डिझेल सुभेदारांच्या पंपावरचं. आटपाडीच्या पंपावर रांग रस्त्यावर आली होती आणि तिथं आधी गावातल्या गाड्या. चार दिवस जोतीराम सुभेदारांच्या पंपावर लिंबाखाली बसून राहिला. चार दिवस हरणाबाई आणि वस्तीवरच्या बाया दोन मैलांवरच्या विहिरीतून खरवडून पाणी आणत होत्या. व्यायला आलेल्या मेंढ्या कुडाला तोंड लावून ओरडत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी धुळा आपण होऊन पंपावर आला. जुना खाकी शर्ट अंगात होता, तो आता ढगळ झालेला. त्यानं किल्ली मागितली. डोळ्याचं काय, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. सुभेदारांनी तो विचारला नाही. किल्ली दिली.

संध्याकाळी पाचला टँकर आला. जोतीरामनं टाकी भरली आणि दिवस मावळायच्या आत वस्तीवर पाणी पोचलं. पंपावरची माणसं धुळाच्या पाठीवर थाप मारत होती. दोन वर्षांत त्याच्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरी खेप झाली, तिसऱ्या दिवशी तिसरी. आजूबाजूचे पंप कोरडे, त्यामुळं सगळी रांग सुभेदारांकडं लागली.

तिसऱ्या संध्याकाळी धुळानं किल्ली खिळ्याला अडकवली आणि तिथंच उभा राहिला.

"दुसरं कोन गावलं का?"

"बघतोय," सुभेदार म्हणाले.

बघत नव्हते. धुळा गाडीवर बसल्यापासून त्यांनी ड्रायव्हरसाठी एकही फोन केला नव्हता. गाडी सुरू झाली होती आणि धुळाला चोवीस वर्षांचा हात होता. मनाची समजूत घालायला तेवढं पुरलं.

चौथ्या खेपेला, दुपारी तीनच्या सुमारास, पंप पाच किलोमीटरवर असताना डाव्या अंगाच्या पाणंदीतून एक मोटरसायकल रस्त्यावर आली. धुळाला ती दिसली तेव्हा पुढच्या चाकाशी आली होती. त्यानं स्टेअरिंग सगळं उजवीकडं ओढलं. मोटरसायकलवाला वाचला. भरला टँकर रस्ता ओलांडून चरीत आडवा झाला आणि केबिन बाभळीच्या बुंध्यावर चेपली.

त्या मोटरसायकलवाल्यानंच पंपावर फोन केला. सुभेदार जीप घेऊन गेले, तोवर तिथं पन्नास-साठ माणसं जमली होती. टँकरच्या झाकणातून डिझेलची धार लागली होती. तिच्याखाली कॅन होते, बादल्या होत्या, पाण्याच्या घागरी होत्या. एक म्हातारा चरीत साचलेलं वाटीनं उचलत होता. पलीकडं केबिनपाशी दोघंजण होते. एकानं धुळाच्या डोक्यावर टॉवेल धरला होता, दुसरा त्याला पाणी पाजत होता. कमरेखाली धुळा पत्र्यात अडकला होता.

सुभेदार लोकांवर ओरडले. पलटणीतला त्यांचा आवाज, पण कुणी मागं सरकलं नाही. बहुतेक चेहरे त्यांच्याच गिऱ्हाइकांचे होते. धारेखाली कॅन धरून बसलेल्यांत जोतीराम होता. सुभेदारांनी त्याला बखोट धरून उभा केला आणि मारायला हात उगारला.

जोतीरामनं हात चुकवला नाही. "आमी पहार लावून बघितली, सुभेदार. हात लावला की वरडत्यात. क्रेन इट्यावनं निघालीया, दोन तास लागत्याल." त्यानं कॅनकडं बघितलं. "हे मातीत जानार. उद्या वस्तीला पानी कशावर न्यायचं?"

सुभेदारांचा हात खाली आला. ते केबिनपाशी गेले आणि गुडघ्यावर बसले. धुळा शुद्धीवर होता.

"मला त्यो दिसलाच न्हाई," तो म्हणाला. "पोरगं बरं हाय न्हवं?"

बरा आहे, असं सुभेदारांनी सांगितलं. क्रेन येईपर्यंत ते त्याचा हात धरून बसले. मागं डिझेलची धार हळूहळू बारीक होत गेली, भांड्यांचा आवाज येत राहिला. सांगलीच्या दवाखान्यात तिसऱ्या सकाळी धुळा गेला. पप्पू पुण्याहून आला होता, हरणाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी सांगायचं यावर नातेवाइकांत कुजबुज चालली होती. ती तिनं ऐकली आणि स्वतःच उठून आत गेली.

पोलिसांनी जबाब घेतला. ड्रायव्हरची नजर कशी होती, असं विचारलं. चांगली होती, असं सुभेदारांनी सांगितलं आणि खाली सही केली.

तेरावं झाल्यावर ते वस्तीवर गेले. हरणाबाई मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाघरीपाशी बसली होती. त्या दिवशी तिनं चहा ठेवला नाही. आधी तीच म्हणाली, "पोलिसांनी मला बी डोळ्याचं इचारलं. मी न्हाई सांगितलं. तुमच्यासाठी न्हाई. मान्सं म्हनली असती, आंधळा हुता म्हनून मेला."

सुभेदारांनी मान हलवली. येताना रस्ताभर जे जुळवत आले होते, त्यातलं त्यांना काहीच आठवेना. जे होतं ते तसंच तोंडातून बाहेर पडलं.

"तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं होतं, दुसरा कोण गावला का म्हणून. मी बघतोय म्हणालो. बघत नव्हतो, हरणाबाई."

ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं.

"त्यास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "रातीला जेवताना म्हनलं, सुभेदार कुनाला फोन करीत न्हाईत. मी म्हनलं, मग उद्या जाऊ नगासा. तर म्हनलं, गेलो न्हाई तर परवा तू इहिरीवर जाशील."

वाघरीतलं एक कोकरू त्यांच्या धोतराचा सोगा चघळायला लागलं, तो त्यांनी सोडवला नाही.

चढावर हॉर्न वाजला. जोतीरामची गाडी आली. त्यानं कुठून डिझेल मिळवलं होतं, कोण जाणे. कॅनमध्ये धरलेलं तर केव्हाच संपलं असणार. बाया हंडे घेऊन धावल्या. हरणाबाईही उठली. सुभेदार तिचा हंडा उचलायला वाकले, तेव्हा तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. जोतीरामनं तिला पुढं बोलावलं. ती गेली नाही. आपली पाळी आल्यावर तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि सुभेदारांच्या अंगावरून घरात गेली.

पंप चालू आहे. भाड्याचा टँकर कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. मधल्या दिवसांत सुभेदार कार्यालयाच्या पायरीवर बसतात आणि आलेल्या गाडीला लांबूनच हातानं नाही म्हणतात. मोडका टँकर भंगारात गेला. नवा घ्या, असं सूनबाई शिवांजली दोनदा म्हणाली. चालवणार कोण, असं तिला कुणीतरी म्हणेल याची ती वाट बघत राहिली. सुभेदार उठून पुन्हा पायरीवर जाऊन बसले. तिनं पुन्हा विषय काढला नाही.