ढालींमागची शिडी

मी एक जुनी, चार पायऱ्यांची, घडीची शिडी आहे. बुसान नगरीतील एका औषधांच्या दुकानात, खिडकीशेजारी भिंतीला टेकून मी उभी असते. सकाळी समुद्रावरून धुके येते, काचेपाशी क्षणभर थबकते आणि विरून जाते. ते पाहिले की माझे मन मागे मागे जाऊ लागते. मित्रांनो, आज तुम्ही येथे बसला आहात आणि धुकेही अजून विरलेले नाही. तोवर माझी कथा ऐका.

माझा जन्म बंदरामागील एका ओतशाळेत झाला. त्या काळी घरोघरची फुटकी पातेली आणि चेपलेल्या किटल्या गोळा करून तेथे वितळवीत. त्यामुळे शिडी होण्यापूर्वीच माझ्या देहाने कित्येक घरांचा भात शिजविला होता, कित्येक आजाऱ्यांसाठी पाणी उकळले होते. वाफेचा सहवास मला जन्मापूर्वीचा आहे. पुढे कारागिरांनी त्या धातूच्या पोकळ नळ्या केल्या, त्यांना पायऱ्या जोडल्या आणि चारही पायांत काळे रबरी जोडे घातले.

एका दैनिकाने मला विकत घेतले, माझ्या कुशीवर तांबड्या रंगाने आपले नाव रंगविले आणि मला छायाचित्रकार ग्वाक तेशिक यांच्या स्वाधीन केले. ग्वाक बुटके होते. माझ्या तिसऱ्या पायरीवर चढले की त्यांना सारे जग दिसे. उतरल्यावर ते माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवीत. तेवढ्या स्पर्शाने मी स्वतःला फार मोठी समजत असे.

तो काळ अशांत होता. आपला राज्यकर्ता आपणच निवडू, अशी मागणी करीत विद्यार्थी रस्त्यावर येत. समोरून पोलीस ढाली घेऊन उभे राहत. त्या ढालींमागची मुलेही वीस-एकवीस वर्षांचीच असत. सक्तीच्या सैनिकी सेवेत नाव निघाले आणि कुणीतरी त्यांना पोलिसांच्या रांगेत उभे केले. अश्रुधूर सुटला की मोसमाविनाच धुके उतरे. डोळ्यांची आग कमी व्हावी म्हणून विद्यार्थी पापण्यांखाली दंतमंजनाचा पांढरा लेप लावीत. दुरून पाहताना वाटे, ही मुले एखाद्या विस्मृत उत्सवासाठी मुखे रंगवून आली आहेत.

आम्हा शिड्यांची एक रीत होती. निदर्शनाच्या दिवशी सकाळीच पोलिसांचा अधिकारी रांगेच्या मागे खडूने एक पांढरी रेघ ओढी. त्या रेघेवर बारा दैनिकांच्या बारा शिड्या उभ्या राहत आणि छायाचित्रकार आमचे पाय दोरीने एकमेकींना बांधीत, म्हणजे कुणीही पुढे सरकू नये आणि कुणाला दुसऱ्यापेक्षा वेगळे चित्र मिळू नये. दगड आले तर ते आधी ढालींवर येत, त्यामुळे ती जागा सुरक्षितही होती. दुसऱ्या दिवशी बारा दैनिकांत एकच दृश्य छापले जाई: पोलिसांच्या पाठी आणि त्यांच्यावर धावून येणारे विद्यार्थी. बारा जणांनी तेच पाहिले, तेव्हा तेच खरे, असे सारे मानीत. मीही मानीत असे.

मासळीबाजाराच्या तोंडाशी गुमजू मावशींची गाडी होती. माशाच्या वड्या काडीला टोचून त्या उकळत्या कढणात सोडीत. नात्याने त्या कुणाच्याही मावशी नव्हत्या आणि हाकेने साऱ्या बाजाराच्या होत्या. मिरान नावाची, औषधशास्त्र शिकणारी एक मुलगी महाविद्यालयाचे तास संपले की त्यांच्याकडे भांडी घासायला येई.

जून महिन्यातील एका दुपारी निदर्शन बाजारापर्यंत आले. माझ्या पायांची दोरी अजून बांधायची होती, तोच मावशींचा आवाज आला.

"अहो शिडीवाले! ती तुमची नटमोगरी शिडी द्या इकडे. हे ताडपत्रीचं छप्पर उतरवते, नाहीतर तो धूर माझ्या कढणात जायचा."

"मावशी, माझी जागा जाईल."

"जागा जाईल! सिनेमाला बसलायत का? द्या म्हटलं ना!"

ग्वाक हसले आणि मला घेऊन गाडीपाशी गेले. छपराची एक गाठ सुटते न सुटते, तोच गर्दीला भरती आली. पोलिसांची रांग मागे हटली, पांढरी रेघ पावलांखाली पुसली गेली, आणि आम्ही दोघे नेमके समोरच्या बाजूस, विद्यार्थ्यांमध्ये उरलो. माझ्यावरचे तांबडे नाव वाचून एकाने मला लाथ मारली. "खोटं छापणाऱ्यांची शिडी!" तो ओरडला. तो पोचा अद्याप माझ्या डाव्या पायावर आहे.

ग्वाक माझ्यावर चढले आणि थबकले. इतक्या वर्षांत त्यांनी पोलिसांचे चेहरे कधी पाहिलेच नव्हते! जाळीदार मुखवट्यांआड पोरवयाची, घामेजलेली, भेदरलेली मुखे होती. अश्रुधूर वाऱ्याने उलटून त्यांच्यावरच आला होता. एक शिपाई खाली कोसळला होता. मुखवटा वर सरकलेला, डोळे घट्ट मिटलेले. त्याच्यापाशी मिरान वाकली होती. तिच्या उंचावलेल्या हातात मावशींच्या गाडीवरची काचेची बाटली होती आणि बाटलीतून पाण्याची धार त्याच्या डोळ्यांवर पडत होती. धूर इतका मंद मंद वाहत होता, की ती धार कितीतरी वेळ हवेतच उभी आहे असे मला वाटले. ग्वाक यांनी कळ दाबली. मागच्या बाजूने, बारांपैकी उरलेल्या अकरा शिड्यांवरूनही त्याच क्षणी कळा दाबल्या गेल्या.

त्या गोंधळात मी मावशींच्या गाडीपाशीच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाक मला न्यायला आले, तेव्हा मावशींनी वर्तमानपत्राची घडी त्यांच्यापुढे आपटली. चित्रात पोलिसांच्या पाठी होत्या आणि पाठींपलीकडे मिरानचा उंचावलेला हात, हातात बाटली. पाण्याची धार शिपायांच्या खांद्यांआड लपली होती. खाली लिहिले होते, जखमी शिपायावर विद्यार्थिनीचा हल्ला. आणि त्याखाली छायाचित्रकाराचे नाव.

"हे नाव तुमचंच ना?"

"नाव माझं आहे. चित्र माझं नाही, मावशी. दुसऱ्याकडून घेऊन छापलंय."

"मग तुमचं कुठाय?"

"संपादकांनी बाजूला ठेवलं. म्हणाले, अकरा जणांनी एक दाखवलंय. आपण एकट्यानं दुसरं दाखवलं तर लोक आपल्यालाच खोटं म्हणतील."

मावशींचा आवाज खाली आला. "पोरीला पहाटे उचलून नेलंय. बारा दिवसांनी न्यायाधीशापुढे उभी करणार. पाच-सात वर्षं आत जाईल म्हणतात. माझ्याच गाडीवरची बाटली हो! मीच भरून दिली होती."

ग्वाक यांनी खिशातून निगेटिव्हची गुंडाळी काढली. खाली बसून माझ्या पोचा आलेल्या पायातील रबरी जोडा त्यांनी उपसला, ती गुंडाळी नळीच्या पोकळीत सरकविली आणि जोडा पुन्हा घट्ट बसविला. मित्रांनो, तोवर माणसांना उंच करणे एवढेच मी जाणत होते. त्या दिवशी प्रथमच माझ्या आत काहीतरी ठेवले गेले होते.

दुपारी संपादक मिन स्वतः आले. थकलेले गृहस्थ होते ते. कोणते चित्र मोठे, कोणते लहान आणि कोणते मुळीच छापायचे नाही, हे रोज सकाळी सरकारी कचेरीतून येणारा दूरध्वनी त्यांना सांगे. ते स्टुलावर बसले, दोन वड्या त्यांनी खाल्ल्या आणि म्हणाले, "ग्वाक, ती निगेटिव्ह मागतायत."

"हरवली, साहेब."

"हरवली." मिन कढणाच्या वाफेकडे पाहत राहिले. "आणि शिडी? ती कार्यालयाची आहे. निदान ती तरी जमा करा."

"ती मावशींकडे आहे. तुम्हीच मागून बघा."

मावशींनी पळी हातात घेतली. "या, या साहेब! न्या की! आधी माझं छप्पर धरायला तुमच्यातला एक माणूस इथं उभा करा, मग न्या. उंचापुरा पाठवा हं, हे आमचे शिडीवाले उपयोगाचे नाहीत."

मिन यांना हसू आवरेना. ते उठले, माझ्याजवळ आले आणि क्षणभर नेमके त्या चेपलेल्या पायाकडे पाहत राहिले. मग कोट झटकीत म्हणाले, "चुकीच्या शिडीपाशी आलो वाटतं." आणि गेले. त्यांना काय कळले आणि काय नाही, ते मला आजही ठाऊक नाही. ग्वाक यांची नोकरी मात्र त्याच आठवड्यात संपली.

लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एका मित्राच्या अंधारखोलीत ग्वाक यांनी त्या निगेटिव्हचे पाटाएवढे चित्र उतरविले. मावशींनी मला गाडीपुढे उघडून उभे केले आणि ते चित्र माझ्या पायऱ्यांना बांधले. गस्तीचे पोलीस दिसले की त्या चित्रावर माकूळ मासे सुकत घालीत. पोलीस वळले की माकूळ उचलीत. माणसे येत, उभ्या उभ्या पाहत आणि जात. ज्याने मला लाथ मारली होती तो विद्यार्थीही आला आणि बराच वेळ माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. दिवसामागून दिवस गेले. चित्र सारे पाहत होते; परंतु न्यायालयात उभे राहून बोलणारे कुणी नव्हते.

नवव्या दिवशी, धुके दाट असताना, किनाऱ्यावरच्या एका गावातून वाळलेले समुद्रशेवाळ विकायला आलेली एक बाई माझ्यापुढे थांबली. तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. चित्रातल्या शिपायाच्या गालाला बोट लावले.

"योंगगिल," ती म्हणाली. "माझा योंगगिल आहे हा."

मावशी पळी टाकून धावल्या. "कोण म्हणालात?"

"माझा मुलगा. गेल्या पावसाळ्यात नेला. तेव्हापासून बघितला नव्हता हो. रोज पेपर घेते, पण त्यात सगळ्या पाठीच असतात. त्यातली याची कुठली, ते शोधत बसते. खांद्यावरनं वाटतं, हा असेल, हा असेल." ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "वाळलाय. आणि ही पोर कोण? डोळे धुतेय याचे."

"हीच ती, ताई. हल्ला केला म्हणून आत टाकलीय तिला."

त्या मातेने पदर खोचावा तसा कमरेचा पट्टा आवळला. "डोळे धुणाऱ्या पोरीला आत टाकतात होय? चला, मला ते चित्र सोडून द्या. त्याच्या छावणीच्या दारात बसते. आईला किती दिवस बाहेर ठेवतील?"

त्यांनी तिला दोन दिवस बाहेर ठेवले. तिसऱ्या दिवशी मुलाशी भेट घडली आणि आईच्या सांगण्यावरून तो साक्षीला यायला तयार झाला. पुढचे मी मावशींकडून ऐकले, कारण न्यायालयात शिड्यांना प्रवेश नसतो. बाराव्या दिवशी योंगगिल गणवेशातच साक्षीला उभा राहिला. अधिकाऱ्यांनी त्याला आधीच बजावले होते, डोळे मिटलेले असल्यामुळे मला काही आठवत नाही, एवढेच बोल. न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा तो आधी तेच बोलला. मग त्याने आईकडे पाहिले. तिच्या मांडीवर ते चित्र होते. तो म्हणाला, "डोळे मिटलेले होते, हे खरं आहे. पण पाणी गार होतं. आणि ती म्हणत होती, चोळू नकोस रे, चोळू नकोस."

मिरान सुटली. योंगगिलला त्या शब्दांबद्दल उरलेली सेवा दूरच्या एका ओसाड बेटावर काढावी लागली. त्या बेटावरही त्याची आई शेवाळाची पेंडी पाठवीत असे. ग्वाक पुढे लग्नांची छायाचित्रे काढू लागले, वधूवरांच्या घोळक्यात मला नेऊन विचारीत, "मंडळी, कुणाचा चेहरा झाकला जात नाही ना?" ते वृद्ध झाले, गेले. मावशीही गेल्या. जाताना त्यांनी मला मिरानच्या हाती दिले. तांबडे नाव आता पुसले गेले आहे, तिसरी पायरी डुगडुगते, एक रबरी जोडा हरवलेला आहे.

हे दुकान मिरानचेच. वरच्या फळीवरची औषधे काढायला ती माझ्यावर चढते. तिचे केस पांढरे झाले आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढेच मागणे मागून मी थांबले असते. माझा हरवलेला जोडा कुणी आणून दिला तर मला आनंदच होईल. परंतु मला आणखीही काही मागायचे आहे. उद्या तुमच्या हाती कुठलेही चित्र येईल, हजार ठिकाणी छापलेले, हजारांनी खरे मानलेले. त्यावर रागावण्यापूर्वी ते काढणाऱ्याचे पाय कोणत्या बाजूला होते, एवढे विचारा.

मिरान तसेच करते. रोज सकाळी ती वर्तमानपत्र उघडते, पहिल्या पानावरचे चित्र पाहते आणि काहीही वाचण्यापूर्वी मान वळवून माझ्या पायांकडे पाहते. तेवढ्यात खिडकीबाहेरचे धुके विरते आणि समोरच्या पदपथावरून येणाऱ्या माणसांचे चेहरे एकेक करून दिसू लागतात.