उन्हात वाळवलेली माती

"पाणी कमी पडतंय, बाकी काही नाही! शाळा सोडलेल्यानं मला गवत शिकवू नये!"

मामा माझ्यावर पाइप रोखून ओरडला. मामा या फुटबॉलच्या मैदानाचा माळी, मी त्याच्या हाताखाली. गोलपोस्टसमोर पिवळे चट्टे पडलेत. ढसाढसा पाणी पिऊनही गवत दुपारी मान टाकतं. मी एक झुबका उपटून त्याच्या नाकासमोर धरला. मुळं आखूड, काळी, गाठाळलेली.

"मुळंच नाहीत, मामा. पाणी पिणार कशानं?"

"माती तपासणाऱ्या लॅबनं लिहून दिलंय, सूत्रकृमी नाहीत. गप बस."

सूत्रकृमी म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे किडे, डोळ्यांना न दिसणारे. फुकटे साले! काही बाहेर बसूनच मुळाला सुई टोचतात, काही आत शिरून संसार थाटतात. त्यांनी भोक पाडलं की मागून बुरशी घुसते. जागेवरून आपसात भांडतात आणि मरतं गवत. डिट्टो मैदानाची कमिटी.

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी आलेच, पांढरे बूट सांभाळत. "परवाच्या मीटिंगमध्ये कारण सांगा. नाहीतर प्लॅस्टिकचं गवत टाकतोय. मग माळी कशाला पोसायचा?"

"हो साहेब, हो साहेब." हा मामा. त्यांची पाठ वळली की शिव्या. शूर माणूस!

मीच लॅबला फोन लावला, स्पीकरवर. तिथल्या बाईंनी विचारलं, माती कशी पाठवली होती?

मामा छाती फुगवून म्हणाला, "नेहमीसारखी. कडक उन्हात वाळवून, चाळून."

बाई फोनमधूनच कडाडल्या. "वाळवली? मेले की ते सगळे! आम्हाला जिवंत लागतात. आणि मेलेल्या गवताखालची नको, तिथलं खाऊन ते पुढे सरकलेले असतात. चट्ट्याच्या कडेची आण, ओली, मुळांसकट. आज आणलीस तर उद्या सांगते."

"इतकी वर्षं अशीच देतोय," मामा पुटपुटला.

"खताच्या तपासणीला, मामा. खत उन्हात मरत नाही."

मी कडेची माती खणली, पिशवीत बांधली, वर ओलं फडकं गुंडाळलं. मामा नळ बंद करत म्हणाला, "वाळवली ते सेक्रेटरीला सांगू नकोस हं."

नोकरी जायची वेळ आली, तरी याला पडलीय इज्जतीची!

आता स्टॉपवर उभा आहे. ज्यांनी मैदानाची वाट लावली त्या हरामखोरांना लेकरासारखं सावलीत धरून. पिशवी तापली तर पुन्हा रिपोर्ट कोरा, आणि मामा घरी.

बस आली. निघतो.