जिवंताच्या नावाचा भात

न्यायाधिकरणाच्या कचेरीतली मुलगी दारात चपला काढून आत आली, तेव्हा नीमोल केळीची पानं पुसत बसली होती. पितरांचा पंधरवडा तोंडावर आला होता आणि चिकट भाताचे उंडे बांधायला पानं आतापासूनच जमवावी लागत.

"मावशी, मी रस्मय. आम्ही एक पुस्तिका काढतोय. आमच्या सगळ्या न्यायाधीशांची, सरकारी वकिलांची माहिती. कोण कुठे शिकलं, आधी काय करत होतं, इथवर कसं आलं. गावोगाव वाटणार आहोत. त्या राज्यात ज्यांची माणसं मारली गेली त्यांना कळायला नको का, खुर्चीत कोण बसलंय ते?"

"भाऊजी तर कामावर गेलेत."

"त्यांच्याकडूनच येतेय. तारखा दिल्या त्यांनी. त्यापुढे तोंड उघडतील तर शपथ! म्हणाले, घरी नीमोल आहे, माझ्या धाकट्या भावाची विधवा. तिला सगळं आठवतं."

नीमोलने हातातलं पान खाली ठेवलं.

मुलगी मोठी बोलकी होती. नारळपाणी पिता पिता तिने वहीतली पानं उलटून दाखवली. "हे परदेशी साहेब बघा. बाप न्यायाधीश, आजा न्यायाधीश. ह्या सरकारी वकील बाई, आधी घरफोड्यांचे खटले चालवायच्या, मग कुठल्या तरी दूरच्या युद्धातल्या खुन्यांचे, आणि आता आपल्याकडे. आणि ही आपली माणसं. हे एक शाळामास्तर होते, पाच महिन्यांचा वर्ग केला आणि झाले न्यायाधीश. कारण जुना न्यायाधीश एकही जिवंत नव्हता! हे दुसरे रशियात शिकले. आणि चार वर्षं सगळ्यांची सारखी. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी, त्या राज्यात सगळेच शेतमजूर. आमचा टंकलेखक म्हणतो, एकदाच टाइप करून ठेवतो आणि सगळ्यांना चिकटवतो." ती हसली आणि नीमोलकडे बघून एकदम गप्प झाली. "चुकलं मावशी. जीभच अशी आहे माझी."

"असू दे ग. विचार तू."

"प्राक विरियाक. त्र्याहत्तर साली कायद्याची पदवी. इथल्या पांढरपेशा कायदेवाल्यांपैकी वाचलेले हे जवळजवळ एकटेच. कसे होते तेव्हा?"

एकतीस वर्षांत हे नीमोलला कुणी विचारलं नव्हतं.

तिने सांगितलं. हळू आवाजातच, पण थांबली नाही. विद्यालयात जायला सायकल होती, तरी ते चालत जात, कारण चालताना कलमं पाठ होत. पांढरी पँट एकच होती. रात्री ती गादीखाली नीट घडी करून ठेवत आणि कूस बदलायची नाही म्हणून सरळ उताणे झोपत. माशाच्या रश्श्यातल्या शेवया आवडत, पण खाताना सदऱ्यावर डाग पडेल म्हणून गळ्यात पंचा बांधून बसत, लहान मुलासारखे. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी घरी आले आणि आधी आईच्या पाया पडले, मग भिंतीकडे तोंड करून रडले. म्हणाले होते, मी असा न्यायाधीश होईन की आरोपीच्या आईलाही मला दूषण देता येणार नाही.

रस्मय लिहीत राहिली. "किती बारीक सारीक आठवतं तुम्हांला! दिराचं इतकं कोण लक्षात ठेवतं?"

"एका घरात राहायचो ना," नीमोल म्हणाली.

ती रोज पहाटे बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून पंचशील म्हणत असे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे तिचा आवाज नेहमी खाली जाई. त्या दिवशी मात्र तिने मुलीला सांगितलेल्यात एक शब्द खोटा नव्हता.

विरियाक तिचा नवरा होता.

पंच्याहत्तरला नव्या राज्यकर्त्यांनी शहर रिकामं करून सगळ्यांना गावाकडे हाकललं, त्यानंतर, शहात्तरच्या सुरुवातीला, सगळ्यांनी एकत्र राबायच्या सहकारी वस्तीत फर्मान निघालं होतं. प्रत्येकाने स्वतःचा जीवनपट लिहून द्यायचा. शिकलेल्यांनी भिऊ नये, देश उभारायला त्यांची गरज आहे. नीमोलने लिहिलं, भाजीवाली. धाकट्या सारूनने लिहिलं, सायकली दुरुस्त करणारा. आणि ते खरंच होतं. विरियाक मांडीवर पाटी घेऊन बराच वेळ बसला. सारून म्हणाला, "दादा, रिक्षावाला लिही. कोण बघायला येतंय?" तो म्हणाला, "पहिल्याच कागदावर खोटं लिहू? तेही विचारल्यावर?" त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, कायद्याचा पदवीधर. आठव्या दिवशी बैलगाडी आली. शिकलेल्या अकरा जणांना घेऊन गेली. गाडीत बसताना त्याने गळ्यातला पंचा काढून नीमोलला दिला, म्हणाला, तिकडे मिळेलच दुसरा.

मग एकोणऐंशीत ते राज्य कोसळलं. नवी माणसं आली आणि न्यायालयं उभी करायला शिकलेले शोधत फिरू लागली. न्यायालयात काम करणाऱ्याला महिन्याला सोळा किलो तांदूळ मिळे. सासूबाईंचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. विरियाकचा पदवीचा कागद नीमोलने चार वर्षं ताडगुळाच्या बांबूच्या नळीत कोंबून छपराच्या झावळ्यांत ठेवला होता. सापडता तर तिघंही गेली असती. सारूनने तो मागितला. सासूबाई म्हणाल्या, "दे ग. गेलेल्याच्या नावाने राहिलेले जगतील." तिने नळी फोडून दिला.

सारून विरियाक झाला. एका घरात दोन भाऊ होते एवढंच गावाला ठाऊक होतं, कोण कोणता हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं; तेव्हा मेलेला एक दाखवायला हवा होता. मेला तो सारून. नीमोल सारूनची विधवा झाली.

नाव उसनं असलं तरी काम त्याने उसनं केलं नाही. भावाच्या वह्या नव्हत्या, पुस्तकं नव्हती. परदेशी मास्तरांपुढे बसून, लहान मुलासारखी बोलणी खात तो कायदा शिकला. त्याने कधी कुणाकडून लाच घेतली नाही. त्या चार वर्षांतल्या खुन्यांवर खटला चालवायला न्यायाधिकरण बसलं तेव्हा त्याचं नाव वर आलं ते त्यामुळेच. त्याच्या बायकोला सगळं माहीत होतं, मुलांना नव्हतं. चारचौघांत तो नीमोलला नावाने हाक मारी. दोघंच असली की वहिनी म्हणे.

आणि दर वर्षी पितरांच्या पंधरवड्यात घरची यादी विहारात जाई. भिक्खू एकेक नाव मोठ्याने वाचत. नाव ऐकू आलं की भुकेलेला जीव येतो आणि आपल्या माणसांनी आणलेला भात खातो. ज्याचं नाव कुठेच वाचलं जात नाही तो सात विहार हिंडतो आणि रिकामा परत जातो. प्राक घराण्याच्या यादीत सासऱ्यांचं नाव होतं, पुढे सासूबाईंचं आलं आणि त्याखाली प्राक सारून. एकतीस वर्षं जिवंताच्या नावाचा भात शिजत होता. ज्याचा होता त्याला घास नव्हता.

पुस्तिका आठ दिवसांत आली. सारूनच्या छायाचित्राखाली पांढरी पँट होती, गळ्यातला पंचा होता, भिंतीकडे तोंड करून रडणं होतं. नीमोलने ते पान बोटाने झाकलं, फक्त छायाचित्र. मग खालचं वाचलं. दोनदा वाचलं.

दुपारी सारून एकटाच ओट्यावर बसला होता. ती पुढ्यात जाऊन बसली.

"भाऊजी, यंदा त्यांचं नाव घालणार मी."

त्याने कुणाचं म्हणून विचारलं नाही. "चार महिने थांब, वहिनी. निकाल लागू दे."

"आई गेल्या तेव्हा म्हणालात, मुलांच्या शाळा होऊ देत. मग म्हणालात, नेमणूक होऊ दे."

"म्हणालो."

"ते भुकेले आहेत हो."

सारूनने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आरोपींचे वकील आमच्या एकेकाचा भूतकाळ उकरतायत. शाळामास्तराला तर रोज टोचतात, पाच महिन्यांचे न्यायाधीश म्हणून. माझं निघालं ना, तर एक माणूस नाही जाणार. ते म्हणतील, खोटा माणूस बसवलात, सगळी सुनावणी पुन्हा घ्या. साक्षीदार म्हातारे झालेत. आरोपी त्याहून म्हातारे. पुन्हा घ्यायला उरणार कोण?" त्याने मांडीवरचा चष्मा उचलला. "तरी तू म्हणालीस तर उद्या राजीनामा लिहितो आणि खरं सांगून टाकतो. देवाशपथ. मला तरी कुठे झोप लागते? दर वर्षी भिक्खू माझं नाव घेतात आणि मी हात जोडून बसतो. सांग तू."

"माझ्यावरच टाकताय?"

"कागद तूच दिला होतास, वहिनी," तो म्हणाला, आणि म्हणता क्षणीच त्याचा चेहरा पडला.

ती उठून आत गेली. उंड्यांचा भात भिजत घालायचा होता.

पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हं चांगली वर आली होती. चटयांवर डबे, भाताची पातेली, उंडे, फळं. सारून पुढे मानाच्या जागी बसला होता, लोक वाकून नमस्कार करून जात होते. विहाराचं कामकाज बघणारे गृहस्थ, आचार्य प्रुम, मेज मांडून याद्या उतरवून घेत होते. दर वर्षी ते जुन्याच वहीतून प्राकांची नावं काढत. यंदा नीमोल म्हणाली, "द्या, मीच लिहिते."

"अरे वा! यंदा आमच्या अक्षरावर भरवसा नाही वाटतं?"

तिने सासऱ्यांचं लिहिलं, सासूबाईंचं लिहिलं. सारूनचं लिहिलं, ऐकायच्या सवयीने. आणि खाली लिहिलं, प्राक विरियाक. त्याच्या अक्षराइतकं नाही, पण सावकाश, वळणदार. लिहून झाल्यावर तिला वाटलं, किती वर्षांनी आपण हे लिहिलं. तिने कागद पुढे सरकवला. 

आचार्यांनी वाचलं आणि ते मोठ्याने हसले. "अहो बाई, हे काय केलंत? न्यायाधीशसाहेबांना जिवंतपणीच जेवायला घालता की काय! साहेब, ऐकलंत का? भावजयीने तुमचा निकाल लावला!"

आसपासचे हसले. सगळ्या माना सारूनकडे वळल्या. तो हसला नाही. त्याने नीमोलकडे बघितलं, मग दोन्ही हात चटईवर टेकून उठायला लागला. त्याचे ओठ हलले. तो बोलणार होता. नीमोलला ते स्वच्छ दिसलं.

शेजारी यानबाई बसली होती, त्यांच्याच गल्लीतली कोळीण. नवरा आणि पाच मुलं त्या चार वर्षांत गेलेली, यादीत सहा नावं. सुनावणी असे त्या दिवशी न्यायाधिकरणाची बस पकडून ती जाई आणि काचेपलीकडच्या म्हाताऱ्या आरोपींकडे दिवसभर बघत बसे. तिने नीमोलला कोपराने ढोसलं. "अग बये, त्यांना नको मारूस इतक्यात! त्यांच्या तोंडून एकदा ऐकते, दोषी म्हणून. मग मला मार हवं तर. ह्या सहा जणांना नुसता भात किती वर्षं घालू? काहीतरी सांगायला नको त्यांना?"

सारून अर्धवट उठला होता.

"चुकलं," नीमोल म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती आयुष्यात बोलली नव्हती. "म्हातारपण आचार्य, दुसरं काय. ते आहेत की समोर बसलेले. चांगले जिवंत आहेत."

सारून जागीच थांबला. मग हळूहळू खाली बसला.

"होतं असं," आचार्य मायेने म्हणाले. "माझीसुद्धा परवा गंमत झाली, बायकोला मेहुणीच्या नावाने हाक मारली. अजून बोलत नाही." त्यांनी पेन घेतलं आणि शेवटच्या नावावर रेघ मारली. एका रेघेने नाव नीट झाकलं गेलं नाही म्हणून आणखी दोन मारल्या.

वाचन सुरू झालं. यानबाईची सहा नावं झाली, ती प्रत्येकाला हाक मारल्यासारखी मान हलवत होती. प्राक घराण्याची पाळी आली. सासरे. सासूबाई. प्राक सारून. पुढच्या रांगेत सारून हात जोडून, डोळे मिटून बसला होता. भिक्खूंनी पुढच्या घराची यादी उचलली.

नीमोल पितरांच्या नावाने पाणी सोडत होती. भात पुढ्यात होता, माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचं भांडं होतं. ते तिने यंदा पहिल्यांदाच आणलं होतं. ते कुणी मागितलं नाही.

वाचून झालेल्या याद्या परातीत जाळल्या.

परतताना मोटारीत दोघंच होती. नदीपाशी सारूनने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "वहिनी, चार महिने. फक्त चार. निकाल वाचून झाला की मी स्वतः यादी लिहीन. पुढल्या वर्षी पहिलं नाव दादाचं."

"नको," ती म्हणाली.

"का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेने माणसं रिकामे डबे घेऊन घरी चालली होती, मुलं उंडे सोलून खात होती.

"इतकी वर्षं मी त्यांचं नाव लिहिलं नाही, एवढंच होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना वाटत असेल, नीमोल विसरली असेल, किंवा नीमोलही मेली असेल. तेवढ्यावर ते हिंडत राहिले असतील. आज ते आले होते भाऊजी. दारापर्यंत आले होते. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, समोर बसलाय तोच तुम्ही. आता कुठल्या तोंडाने बोलावू?"

सारूनने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. नीमोलने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. शेवयांचं भांडं मांडीवर होतं, ते कलंडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.