पुतळाबाईंच्या घरची खीर

साठी उलटली आणि हरणाबाईंच्या पोटानं बंड केलं. जन्मभर दूधदुभत्यात वावरलेली बाई, पण आता अर्धा कप चहा घेतला तरी पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि धावत संडास गाठावा लागायचा. कळंबच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: दुधातली साखर पचवणारा रस वयाबरोबर पुष्कळांच्या आतड्यात कमी होतो, हा काही रोग नाही. दूध, खवा, दुधाचा चहा टाळा. ताक थोडं थोडं घेऊन बघा, सोसलं तर घ्या. हरणाबाईंनी सगळं पाळलं, पण कुणाला सांगितलं नाही. पोटाच्या भानगडी चारचौघांत सांगायच्या असतात का?

आणि सांगणार तरी कुणाला? नवरा गेल्यावर लेकानं त्यांना भूमकडच्या गावाहून कळंबात दोन खोल्या घेऊन दिल्या, दवाखाना जवळ म्हणून. लेक पुण्यात. बोलायला माणूस एकच, शेजारच्या पुतळाबाई. त्यांच्या घरात शिरताच समोर बुद्धाची मूर्ती. दोघी दुपारी कट्ट्यावर तूर निवडत बसायच्या आणि जगाची उणीदुणी काढायच्या. तेवढ्या दोन तासांवर हरणाबाईंचा दिवस निभायचा.

पुतळाबाईंनी पहिल्यांदा चहाला आत बोलावलं तेव्हा हरणाबाई म्हणाल्या, "आत्ताच घेतलाय." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "आज उपास हाय." बुद्धपौर्णिमेला तर पुतळाबाई खिरीची वाटी घेऊन स्वतः घरी आल्या. नाही कसं म्हणायचं? हरणाबाईंनी वाटी ठेवून घेतली आणि संध्याकाळी दारात आलेल्या गाईपुढं ओतली. गाय खीर चाटत असतानाच पुतळाबाई वाटी न्यायला आल्या. त्यांनी बघितलं, वाटी उचलली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून कट्टा रिकामा. हरणाबाई सूप घेऊन बसायच्या, शेजारचं दार उघडायचं नाही. घरात दिवसभर माणसाचा आवाज नाही, म्हणून त्या भांड्यांशी बोलू लागल्या. शेवटी वेड लागायची पाळी आली तेव्हा लाज गिळून त्या शेजारी गेल्या आणि उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. दूध, पोट, डॉक्टर, काही काही लपवलं नाही.

पुतळाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या गावात बी कुणाचंच पोट आमचा चहा सोसत नव्हतं, हरणाबाई. कुणी आत्ताच पिलेला असायचा, कुणाचा उपास असायचा. पन्नास वर्सं हेच ऐकलंय म्या."

"पण माझं खरं हाय हो! डागदराची चिठ्ठी दावू का?"

"ऱ्हाऊ द्या चिठ्ठी. एवढंच सांगा, तुमच्या गावी दूध पचत व्हतं तवा तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीत कुणाच्या घरी चहा पिलात का?"

हरणाबाई आठवू लागल्या. वस्तीतल्या बाया त्यांच्या शेतात खुरपायला यायच्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः नेऊन दिले होते, पण बाहेरूनच. शेरभर दूध पचायचं त्या दिवसांत.

"न्हाय," त्या म्हणाल्या. खूप वाईट वाटलं त्यांना, आणि ते कुणाला सांगायचा हक्क आपल्याला नाही हेही कळलं.

मग त्या चप्पल काढून आत गेल्या आणि चुलीजवळ बसल्या. "भूक लागलीया. असंल ते वाढा."

पुतळाबाईंनी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि समोर उभ्या राहिल्या. हरणाबाईंचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. भाजी फार चवदार झाली होती. सांगावंसं वाटत होतं, पण आता तेही खोटं वाटेल म्हणून हरणाबाई गप्प जेवत राहिल्या.