पेल्यातला उरलेला घोट

मित्रांनो, कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, छपाईच्या यंत्राला खेटून उभा असलेला जुना निळा डबा तो मीच. प्लास्टिकच्या फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या वितळवून मला घडवले, म्हणून टाकलेल्या वस्तूंची मला उपजतच माया. माझ्या पोटात फक्त कागद. चुरगळलेला चालतो, फाटलेला चालतो, ओला मात्र सोसत नाही.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. मग माझ्याशेजारी चहाचे यंत्र आले. इथल्या माणसांना एक खोड. बैठकीला हाक आली, की घोटभर चहा तसाच ठेवून धावायचे. पेला कागदी, म्हणून तो कागदाच्या डब्यात. वरून शहाणपण, आत चिखल.

एके सकाळी रद्दीवाल्या काकांनी माझ्यात हात घातला आणि झटकला.

"मावशी, ही रद्दी आहे की लापशी? पुढच्या खेपेला असंच निघालं तर मी हा मजला सोडला बघा."

"मी काय एकेकाच्या पेल्यामागे पळू?" झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या.

"मग हा डबाच काढून टाका," मोठ्या मॅडम जाता जाता म्हणाल्या. "सगळं एकातच जाऊ दे."

आणि बोलण्याच्या नादात हातातला पेला त्यांनी माझ्यात सोडला. टप, टप, टप. माझा तर जीवच गेला.

मॅडम थबकल्या. वाकून आत पाहिले.

"अगंबाई, हा तर माझाच."

बाही कोपरापर्यंत सारून त्यांनी तो पेला बाहेर काढला. बोटांवरून चहा ओघळत होता. "मावशी, उरलेलं ओतायला एखादी बादली मिळेल का हो?"

"मिळेल की. पण पेले घरून आणा, धुवायचे तुमचे तुम्ही."

"मीही?"

"तुम्ही आधी."

मॅडम हसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी स्टीलचा पेला घेऊन आल्या. मग बाकीच्यांना पर्याय उरला नाही.

काकांची पुढची खेप आली. त्यांनी हात घातला. आत सळसळ झाली, वाळल्या पानांत वारा शिरावा तशी.

"हां," काका म्हणाले, "आता येत जाईन."

मित्रांनो, वाकून पाहणाऱ्या त्या मॅडमचे, बादली आणणाऱ्या मावशींचे, परत येणाऱ्या काकांचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुमच्याकडे माझे मागणे एवढेच, काहीही टाकण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या त्या क्षणातून कुणाच्या तरी वहीचे कोरे पान जन्माला येते.