नारळाआधी सुरू झालेला रोलर

कारखान्याच्या बंगल्यावरचं गवत कापायचं मशीन भंगारात निघालं, ते जोतीरामनं उचलून आणलं. फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला हात. इंजिन वेगळं काढलं, सिमेंटच्या पाइपात काँक्रीट भरलं, मोटारसायकलची चेन जोडली. दीड महिन्यात रोलर उभा राहिला. देवळापुढचं पटांगण सप्त्यासाठी सपाट करायचं होतं. कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यांना ढेकळं टोचू नयेत, एवढंच त्याच्या मनात.

पटांगणात काही सुरू करायचं तर पहिला नारळ थोरल्या घरानं फोडायचा, म्हणजे चुलतभाऊ अर्जुनानं. जोतीरामच्या बायकोनं, क्रांतीनं, तो ताटात काढूनही ठेवला होता. पण चेन बसली का बघायला जोतीरामनं इंजिन चालू केलं, आणि आवाज उसाला पाणी पाजणाऱ्या अर्जुनाच्या कानावर गेला. आपल्याला डावलून नारळ फोडला, असंच त्यानं धरलं.

तो पहार घेऊनच आला.

"आवं भावजी, नारळ हाय तसा हाय," क्रांती सांगत होती. इंजिनाच्या धडधडीत ते कुणाला ऐकू जाणार?

"पेन्शन मिळाली म्हंजे देवाचा मालक झालास व्हय रं?" अर्जुना ओरडला आणि पहार घातली. इंजिन बंद करायची वायर तुटली. दुसरा घाव इंजिनावरच बसायचा, पण जोतीराम मधे आला. खांद्याचं हाड वाजलेलं त्याला स्वतःला ऐकू आलं. त्यानं डाव्या हातातला पाना अर्जुनाच्या तोंडावर हाणला. दोन दात मातीत पडले. अर्जुनानं त्याला लोळवलं, बरगडीत लाथा घातल्या आणि रक्त थुंकत पुन्हा रोलरकडे वळला.

पहार उचलताना त्याची बाही उघड्या चेनमध्ये गेली. बाहीमागून हात. मग जी किंकाळी उठली, तिनं देवळावरची पाखरं उडाली.

जोतीराम रांगत आला. इंजिन बंद करायला वायर राहिलीच नव्हती. त्यानं खाली पडलेली पहार उचलली आणि सारा जीव एकवटून चेनमध्ये खुपसली. चेन तुटली, इंजिनाला तडा गेला, ऑइल मातीत वाहिलं.

गावातल्या पप्पूच्या टेम्पोत दोघंही इस्लामपूरच्या दवाखान्याकडे निघाले. अर्जुनाचा हात कोपराखाली चिरडला होता. जोतीरामनं तो उपरण्यात आवळून धरलेला.

"भिकारड्या, हात गेला माजा," अर्जुना म्हणाला.

"बोलत ऱ्हा."

थोड्या वेळानं अर्जुनाचे डोळे मिटायला लागले. जोतीराम घाबरला.

"ए अर्जुना. तालमीत कवाच न्हाई जिकलास गड्या माज्यासंगं. आजबी न्हाई."

"तुज्या आयला," अर्जुना पुटपुटला.

"हां. अजून दे."

वाटेतलं आष्टा मागं पडलं तरी शिव्या चालूच होत्या. थांबल्या की जोतीराम आणखी काहीतरी टोचून बोले.